जरा बसून दाखव

आमच्या दवाखान्यात मनाच्या आजारांच्या खोलीत एक खुर्ची आहे. निळ्या रेक्झिनची, पाठीला गादी असलेली. हातांवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही. परवा नवीन डॉक्टर आले, तरुण आहेत, त्यांनी खुर्चीकडे बघून विचारलं, "सिस्टर, माझ्यासाठी नवीन मागवलीत का?" मी म्हटलं, "कसली नवीन! आधीच्या डॉक्टरबाईंची आहे. त्या बसल्याच नाहीत तिच्यावर." त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. थट्टा करायची मला खोड आहे हे खरं, पण ही थट्टा नव्हती. एका दुखऱ्या पायाचे थोडे दिवस सोडले, तर कुमुदबाई त्या खुर्चीत कधी टेकल्या नाहीत.

कुमुदबाई आमच्या मानसोपचार डॉक्टर. ठाण्याहून यायच्या, आठवड्याचे काही दिवस मोखाड्याला राहायच्या, एक दिवस जव्हारला जायच्या. आमचा दवाखाना एका संस्थेचा, लहानसा. मी तिथे नर्स. बाई पहिल्या दिवशी आल्या तेव्हा मी टेबल पुसून, जुनी लाकडी खुर्ची मांडून, पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता. त्या आत आल्या, छत्री कोपऱ्यात टेकवली, खिडकीशी गेल्या, परत दाराशी आल्या, मग व्हरांड्यात गेल्या. पहिला पेशंट आत यायला निघाला तर त्याच्या खांद्याला हात लावून म्हणाल्या, "चला, चालता चालता बोलू." आणि त्याला घेऊन चालू लागल्या की! तहसील कचेरीच्या मागून जो रस्ता खाली उतरतो, त्या रस्त्याने दोघं दिसेनाशी झाली. मी हातात केसपेपर धरून उभी. मनात म्हटलं, हे काय ध्यान आलंय नशिबी!

त्यांचं सगळंच उभ्या उभ्या. चहा उभ्याने, भाकरी हातात घेऊन चालताना, फोनवर बोलणं तर व्हरांड्यात येरझारा घालत. वाक्यसुद्धा धड बसून पुरं करत नसत, अर्ध्यात सोडून पुढच्या वाक्याला निघायच्या. "सिस्टर, ते जव्हारचं पार्सल, अहो आणि त्या वावरच्या आजीबाईंची गोळी, नाही, आधी मला सांगा, जीप किती वाजता..." मला वैताग यायचा. माझे गुडघे आधीच बोलायला लागलेले, आणि ही बाई मला इंजेक्शनचा ट्रे घेऊन पेशंटमागे बांधाबांधाने पळवणार. दवाखान्यातली सगळी म्हणायची, बाईंच्या पायाला भिंगरी आहे. पाड्यांवर तर त्यांचं नावच पडलं होतं, चालती डॉक्टरबाय.

पण एक सांगते, बोलायची माणसं. आमच्याकडचा माणूस टेबलापलीकडे बसवलात तर जमिनीकडे बघतो. काय होतंय विचारलं तर "काय नाय" म्हणतो, आणि उठून जातो. तोच माणूस बाईंच्या पुढे-मागे पायवाटेने चालायला लागला की बोलायचा. एकमेकांचं तोंड दिसत नाही ना! पुढचा बोलतो, मागचा ऐकतो. पाड्यावरची माणसं रोज तशीच बोलतात, बाजाराला जाताना, रानातून येताना. बाईंनी ते बघितलं आणि उचललं. त्या कधी "मन कसं आहे" असं विचारत नसत. "काल उठल्यापासून काय काय केलंस, ते सांग," म्हणायच्या. उठला, तोंड धुतलं नाही, म्हैस सोडली नाही, परत आडवा झाला. एवढ्यात त्यांना निम्मं कळायचं.

त्यावर त्यांचा एक अभ्यासही चालू होता. खचलेल्या माणसाला नुसत्या गोळ्या न देता, पाड्यातल्याच शिकवलेल्या बायकांनी त्याच्याशी बोलावं, त्याची सुटलेली कामं एकेक करून परत हाती द्यावीत, आणि त्याने काय फरक पडतो ते नीट तपासावं. जगात बऱ्याच ठिकाणी असे अभ्यास झालेत, बाई सांगायच्या. मोठ्या कचेरीतून एकदा एक साहेब बघायला आले. त्यांच्या नियमात लिहिलेलं, एकांताची खोली हवी, दोन सारख्या उंचीच्या खुर्च्या हव्यात. निळी खुर्ची आली ती तेव्हाच, जोडीची दुसरी आम्ही औषधाच्या खोलीत नेली. साहेबांनी विचारलं, "सेशन कुठे होतात?" बाई म्हणाल्या, "चला, दाखवते." आणि त्यांना चकचकीत बुटांसकट भाताच्या खाचरांतून नेलं. साहेबांचा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला. बाई बांधावरून म्हणतात कशा, "बघा, चिटपाखरू नाही. याहून एकांत कुठला आणायचा?" मी तोंडाला पदर लावून हसले. साहेबही बिचारे हसले. खुर्च्या मात्र परत नेल्या नाहीत त्यांनी.

बाई चालताना थांबायच्या त्या एकाच गोष्टीला. कुणी पेशंटला "येडा" म्हटलं की. जागच्या जागी थांबायच्या, वळायच्या, आणि तो माणूस खाली मान घालेपर्यंत त्याच्याकडे बघत राहायच्या. बोलायच्या काही नाहीत. मग पुन्हा चालू.

एकदा मी विचारलंच. "बाई, कधीतरी दोन मिनिटं टेका की. बघणाऱ्याचे पाय दुखतात." त्या खिडकीशी होत्या. म्हणाल्या, "बसले की माझं डोकं पळायला लागतं, सिस्टर. त्यापेक्षा पाय बरे." हसून म्हणाल्या, पण मला ते हसण्यावारी न्यावंसं वाटलं नाही. दुसऱ्यांची डोकी सांभाळणाऱ्या बाईला तिच्या डोक्याचं कोण विचारणार? मी त्यानंतर खुर्चीचा आग्रह सोडला.

देवराम आमच्याकडे आला तो जीपच्या मागच्या बाकावर, दोघांनी धरलेला. तिशीचा, काटक गडी. भिवंडीकडे बांधकामावर गेला होता, तिथेच त्याचं बिघडलं. कानात माणसं बोलायला लागली. तुला जेवणातून विष घालतायत, म्हणायला लागली. घरी आणला तर चुलीजवळची सगळी भांडी पालथी घालायचा. हंडा, तपेली, तांब्या, काही सुलटं ठेवू द्यायचा नाही, आत काहीतरी बसतं म्हणून. त्याची बायको जाना दिवसभर भांडी सुलटी करायची आणि हा पालथी. ती सांगताना रडत नव्हती, चिडलेली होती. "सैपाक कशात करू, बाय? सांग माना." माना म्हणजे मला.

बाईंनी त्याला सुई सुरू केली. रोज गोळ्या घ्यायला नको, एकदा दिली की काही आठवडे पुरते, ती. उतार पडला. माणसं कानातून गेली, भांडी सुलटी राहिली, देवराम बायकोच्या हातचं जेवायला लागला. आम्हाला केवढं बरं वाटलं! आणि बाईंचा तर तो लाडका पेशंट झाला. का माहीत आहे? त्यांच्या चालीने चालणारा तो एकटाच. बाकीचे धापा टाकायचे, हा बरोबरीने. दोघं घाटाच्या वळणापर्यंत जाऊन यायची. बाई परत येऊन म्हणायच्या, "काय छान बोलला आज. एकदम स्वच्छ."

पण जाना येऊन नवऱ्याचं वेगळंच सांगायला लागली. "माझा गोहो घरात ठरत नाय. जेवायला बसतो, उठतो. घास हातात घेऊन अंगणात फिरतो. निस्ता चालतो, बाय. नागलीच्या शेतात वाट पडली त्याच्या पायानं." बाईंनी ऐकलं, कपाळाला आठ्या घातल्या. आजार डोकं वर काढतोय, म्हणाल्या, आणि सुई वाढवली. पुढच्या खेपेला जानाने सांगितलं, जास्तच फिरतो. बाईंनी अजून थोडी वाढवली.

गावातल्या भगताचं म्हणणं निराळं. त्यांच्या गावात बोहाडा होतो. देवादिकांचे मुखवटे चढवून संबळ-पिपाणीच्या तालावर सोंगं नाचवतात. एकेका सोंगाचा मान एकेका घराचा. देवरामच्या घरात मारुतीचा. त्याचा बाप नाचवायचा, बाप गेल्यावर देवराम. उड्या अशा मारायचा म्हणे, की बायका पोरं मागे सरायची. आजारपणात मारुती तसाच माळ्यावर कापडात गुंडाळून राहिला. भगताने तांदळाचे दाणे मांडून सांगितलं, मारुती नाचवला नाही, तो याच्या पायात उतरलाय. बाई भगताशी भांडणाऱ्यातल्या नव्हत्या. त्याला बरोबर घेऊन पार टेकडीपर्यंत चालून आल्या, सुई थांबवू नको एवढं कबूल करून घेतलं. तोही कबूल झाला. भला माणूस. पण आज विचार केला की वाटतं, भगताने देवाचं नाव घेतलं, बाईंनी आजाराचं घेतलं, आणि दोघांच्या डोळ्यांदेखत ते पाय चालतच होते.

मग एका बाजाराच्या दिवशी बाई पडल्या. डोंगर नाही, दरी नाही, आपल्या मोखाड्याच्या स्टँडवर जीपमधून उतरताना पाय मुरगळला. घोट्याला प्लास्टर. सगळ्यांना वाटलं आता ठाण्याला घरी राहतील. कसल्या राहतायत! पुढच्याच फेरीला हजर. काठी टेकत आत आल्या, निळ्या खुर्चीकडे शत्रूकडे बघावं तसं बघितलं, आणि बसल्या. औषधाच्या खोलीतून जोडीची खुर्ची आणून तिच्यावर मी त्यांचा पाय ठेवून दिला. त्या दिवशी त्यांनी बोटांनी टेबल वाजवून वाजवून माझं डोकं उठवलं. पेशंट येत होते, समोर बसत होते, जमिनीकडे बघत होते.

देवराम आला, मागे जाना. बाईंचा चेहरा खुलला.

"ये रे. आज माझा पाय मोडलाय. आज काही घाटापर्यंत जाणं नाही. बस."

तो बसला. आणि उठला. भिंतीपर्यंत गेला, परत आला, बसला. बसला म्हणजे काय, बूड खुर्चीला लागलं असेल नसेल, पाय खाली चालूच होते. एकदा हा, एकदा तो. मांड्या दोन्ही हातांनी दाबून धरल्या होत्या. पुन्हा उठला.

बाईंची बोटं टेबलावर थांबली.

"देवराम, जरा बसून दाखव."

"नाय बसवत, बाय."

"आवाज येतात?"

"नाय."

"कुणी मारायला येईल, जेवणात घालेल, असं वाटतं?"

"नाय, नाय. तसा काय नाय." तो चालता चालताच बोलत होता, दारापासून भिंतीपर्यंत. "डोकं गप हाय, बाय. पाय गप नाय."

 मग जाना मागून म्हणाली, "माना सांगतो, कोयता घे आणि तोड. पाय तोड माझं. मी कोयता घराभायेर लपवला."  भांड्यांचं सांगताना न रडलेली बाई, आता रडायला लागली. 

"कधीपासून हे?" बाईंनी विचारलं. आवाज अगदी बारीक.

"सुई घेतली तवापासून. सुई वाढली तसा जास्त."

"मग मला सांगितलं का नाहीस, बाबा? आपण इतकं बोललो."

देवराम थांबला. म्हणजे उभा राहिला, पाय जागच्या जागी हलत होते. "तुम्ही म्हणायच्या, चल. चालताना बरा वाटं. तुमच्याबरोबर असताना कायच नसायचा. मग काय सांगू?"

मी बाईंकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते. नंतर मला म्हणाल्या, "सिस्टर, या त्रासाला एक अवघड नाव आहे. त्या नावाचा अर्थच आहे, बसता न येणं. औषधाने होतो. पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतो आम्ही. आणि मी त्याला एकदाही बसवून बघितलं नाही." पण त्याआधी, देवराम आणि जाना समोर असतानाच, त्यांनी साध्या भाषेत सांगून टाकलं. ही चूक माझी. आजार वाढला नव्हता, औषध जास्त होत होतं. ते मला दिसलं नाही, आणि मी आणखी वाढवत गेले. मला माफ करा.

मला ते पटलं नाही. तेव्हा नाहीच पटलं. डॉक्टरने पेशंटपुढे असं बोलायचं असतं होय? उद्या सुईवरचा विश्वासच उडाला तर? आणि झालंही तसंच. देवराम म्हणाला, "मग बंद करा. आजच बंद करा. यंदा मारुती नाय नाचवला तर मान दुसऱ्या घरी जाईल. पंचांनी सांगितलाय."

जाना एकदम ओरडली, "आणि परत भांडी पालथी घाल! परत मी उपाशी, तू उपाशी!"

असं दोन्हीकडून. इकडे आड, तिकडे विहीर. बाईंनी त्या दिवशी खुर्चीत बसून, पाय दुसऱ्या खुर्चीवर टाकून, जेवढं सांगितलं तेवढं मी त्यांच्या तोंडून कधी सलग ऐकलं नव्हतं. पायांसाठी एक साधी गोळी देते, त्याने पुष्कळ फरक पडेल. सुई बंद करायची नाही, पण हळूहळू कमी करू. अलीकडे यावर पुष्कळ अभ्यास होतायत, की असं हळू कमी केलं तर काय होतं. काहींचा आजार उलटतो. काहींना आपलं जगणं परत हाती लागतं. तू कुठल्या बाजूचा, हे मला आज सांगता येत नाही. कुणालाच येत नाही. जे सांगेल की मला येतं, तो खोटं बोलतोय.

"मग कळायचा कसा?" जानाने विचारलं.

"भांडी," बाई म्हणाल्या. "एक जरी भांडं पालथं दिसलं, त्याच दिवशी सिस्टरना फोन करायचा. देवराम, चालेल ना? ती तुझ्यावर पाळत ठेवत नाहीये. तुझ्यासाठी भांड्यांवर ठेवतेय."

देवरामने बराच विचार केला, फिरत फिरत. मग म्हणाला, "चालंल. पण मारुती नाचवायचाच."

नाही नाचवला तर तो सुईच सोडून देणार, हे आम्हाला तिघींनाही कळलं. आणि सुई सोडली तर पुढे काय, तेही.

पुढचे काही महिने माझ्या जिवाला नुसता घोर. बाई ठाण्याला असल्या की दररोज फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट, "भांडी कशी आहेत?" आमच्या औषधवाल्याला शेवटी वाटलं, मी बाईंबरोबर भांड्यांचं दुकान टाकतेय. जानाच्या पाड्यावर फोन लागायचा तो वरच्या मोहाच्या झाडाखालीच. ती बिचारी तिथे चढून यायची आणि मला सांगायची, "सुलटी हायत." मी बाईंना सांगायची, सुलटी आहेत. मग बाई विचारायच्या, "बसतो का?" जाना आधी म्हणायची, नाय बसत. मग म्हणाली, भाकर संपेपर्यंत बसला. मग एकदा म्हणाली, बाजेवर बसून पाटलावानी गप्पा मारीत होता, मी उठवला कामाला. हे बाईंनी फोनवर माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलं. मला वाटलं ऐकू गेलं नाही.

फाल्गुन लागला आणि एका सकाळी जानाचा फोन आला. "सिस्टर, एक हंडा पालथा हाय."

बाई त्या दिवशी मोखाड्यातच होत्या, प्लास्टर केव्हाच निघालेलं. अर्ध्या वाटेपर्यंत जीप, पुढे पायी. बाई पुढे इतक्या झपाझप, की मी मागून ओरडले, "अहो, मला तिथे न्यायचंय ना, का इथेच पुरायचंय?" पोचलो. कुडाच्या भिंतीशी, चुलीजवळ तो हंडा. बाकी सगळी भांडी सुलटी, मधे हा एक. जाना म्हणाली, "मीच घातला असंल का काय? माना आठवत नाय." तिला तसंच असायला हवं होतं, मलाही. पण देवराम दारातून म्हणाला, "मीच घातला. लांबून गलका येतो परत. बाजारातला येतो तसा. शब्द नाय कळत."

बाई दारातून बाहेर निघाल्या, सवयीने. देवरामही सवयीने उठला, चालायला. त्या तिथेच थांबल्या. "नाही. तू बस. मी उभी राहते." तो बाजेवर बसला. बाई दाराच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या आणि त्याच्याशी बोलल्या. त्यांचा एक पाय सारखा दुसऱ्यावर घासत होता. त्याचे दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले होते, मी बघत होते. सुई थोडी परत वाढवायची ठरली. अगदी थोडी.

"मग मारुती?" देवरामने विचारलं. रागाने विचारलं.

"उड्या मारता येतील का, मला माहीत नाही."

"मारुती उड्या मारीत नाय तर काय करतो?"

 जाना हंडा उचलून सुलटा करून पाणी भरायला निघून गेली. परतताना पायवाटेने बाई पुढे, मी मागे. त्या वळल्या नाहीत, पुढे बघतच म्हणाल्या, "सिस्टर, मी हे त्याच्या नाचासाठी करतेय, की माझी चूक पुसायला?" आता पेशंटच्या जागी त्या, आणि मी पकडली गेले. तोंड दिसत नाही म्हणून माणूस बोलतो, आणि मग ऐकणाऱ्याला काहीतरी म्हणावं लागतं. मी म्हटलं, "दोन्हीसाठी असेल. चला, जीप जाईल."

तो गलका मागे गेला. पुन्हा भांडं पालथं झालं नाही. पण बाईंचा आमच्याकडचा मुक्काम संपला. अभ्यास पुरा झाला, दुसऱ्या कुठल्याशा डोंगरी जिल्ह्यात नवा सुरू होणार होता. निरोपाच्या दिवशी आम्ही शाल-श्रीफळ देताना फोटोवाला म्हणाला, "मॅडम, खुर्चीवर बसता का?" बाई म्हणाल्या, "नको हो, असाच काढा." फोटोत सगळे बसलेत आणि बाई मागे उभ्या आहेत, तोंड अर्धं बाहेर.

बोहाड्याला मात्र त्या आल्या. मला सांगितलंही नव्हतं. मी पहाटेच्या जीपने देवरामच्या गावी उतरले, तर मैदानाच्या कडेला छत्री टेकत येरझारा घालणारी एक बाई. "तुम्ही!" म्हटलं. "श्श," म्हणाल्या. "आता मारुतीच."

सोंगं नाचून नाचून माणसं पेंगुळलेली होती. त्या गावात मारुती उजाडता उजाडता निघतो. संबळ कडाडला, पिपाणी चढली आणि शेंदरी मुखवटा गर्दीतून आला. मोठे डोळे, पुढे आलेलं तोंड, कमरेला शेपूट. पोरं मागे सरली, उडी येणार म्हणून.

उडी आली नाही. मारुती चालला. संबळाच्या ठेक्यावर, एक पाऊल, दुसरं पाऊल, मान डावीकडे, मान उजवीकडे. थोडा ताठ, थोडा जड. एका जागी गुडघे वाकवले, मला वाटलं आता उडेल, पण तो सरळ होऊन पुढे गेला. कुणीतरी ओरडलं, "मारुती म्हातारा झाला रं!" माणसं हसली.  बाई माझ्या शेजारी ओठ दाबून उभ्या. पण मारुतीने काय केलं, त्या ओरडणाऱ्या माणसापाशी गेला आणि त्याच्या टाळक्यावर शेपटीच्या टोकाचा असा फटका दिला की सगळं मैदान खदखदून हसलं. म्हातारे पंचही हसले. मग त्याने मैदानाला पुरा फेरा घातला. कुठे अडखळला नाही, कुठे थांबला नाही. मान गेला नाही, सोंग त्यांच्याच घरी राहिलं.

मुखवटा उतरवून, कापडात गुंडाळून, देवराम आमच्याकडे आला. केस घामाने चिकटलेले, तोंडावर शेंदूर पसरलेला. मागे जाना चहा घेऊन. सगळे विचारत होते, काय रे, उडी का नाय मारली. तो म्हणाला, "पुढल्या खेपेला." बाईंनी यातलं काही विचारलं नाही. त्या या पायावरून त्या पायावर होत होत्या. मला एकदम कळलं, ही बाई एवढ्या लांबून नाच बघायला आलेलीच नाही.

"देवराम," त्या म्हणाल्या, "जरा बसून दाखव."

तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग हसला, दात पांढरे, तोंड शेंदरी. तिथेच मातीत बसला. पाय लांब सोडले, चहाचा कप मांडीवर घेतला. घोट्यांवर धूळ होती. पाय हलत नव्हते.

बाईंनी छत्री खाली टाकली आणि त्याच्या शेजारी मातीत बसल्या. मी बघतच राहिले. त्यांची बोटं गुडघ्यावर नाचत होती, डोकं कुठे कुठे पळत असणार, देव जाणे. पण बसल्या. जानाने त्यांनाही कप दिला. 

माझी सकाळची ड्यूटी होती, परतीची पहिली जीप निघत होती. मी हाक मारली, "बाई, येताय का?"

"तुम्ही व्हा पुढे," त्या म्हणाल्या. "हा उठला की निघते."

जीप वळणावर थांबली, कुणीतरी कोंबड्यांची टोपली घेऊन चढत होतं. मी मान काढून मागे बघितलं. मैदान रिकामं झालं होतं, डोंगरावरून ऊन खाली उतरलं होतं. देवराम अजून उठला नव्हता.